दुसऱ्या गाडीवरचा माणूस

मोटोजीपी म्हणजे मोटारसायकल शर्यतींचा जगातला सगळ्यात वरचा, मोठा गट. तिथल्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गॅरेजांत, एका संघाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. रंग तोच, स्टिकर तेच, मेकॅनिक मंडळींचे शर्टही तेच. टीव्हीवर बघणाऱ्याला फरक दिसतो तो फक्त नंबराचा. यातली पहिली गाडी एका माणसाला विचारून बनवलेली असते. दुसरी गाडीही बहुतेक वेळा त्याच माणसाला विचारून बनवलेली असते, फक्त तिच्यावर बसणारा वेगळा असतो. मी हा खेळ बघायला लागलो तेव्हा पुढे कोण पळतोय एवढंच बघायचो. हळूहळू नजर त्या दुसऱ्या माणसाकडे वळली, आणि गेली कित्येक वर्षं ती तिथेच आहे.

इंजिन निवडणं म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण भेदभावाची सुरुवात तिथे होते. या गाड्यांना ताकद कधीच कमी पडत नाही. अडीचशेच्या वर हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम १५७ किलो. अडचण असते ती ही ताकद जमिनीवर उतरवण्याची. गाडी वळणात पार आडवी झालेली असताना मागच्या टायरचा अगदी छोटासा भाग रस्त्याला टेकलेला असतो, आणि तिथे ताकद झटक्यात पोचली की रायडर हवेत. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनातला दांडा, किती जड ठेवायचा, तो चाकांच्या दिशेने फिरवायचा की उलट, चार सिलिंडर कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने पेटवायचे, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. क्रँक जड केला तर रेस पिळताना गाडी शांत राहते, पण वळायला हट्टीपणा करते. हलका केला तर चपळ होते, पण मागचं चाक सुटायला बघतं. यात सगळ्यांसाठी बरोबर असं एक उत्तर नसतं. एकाच्या हाताला जे बसतं ते दुसऱ्याच्या हाताला टोचतं.

शिवाय हे उत्तर एकदाच द्यायचं असतं. नोव्हेंबरातल्या चाचण्या आणि फेब्रुवारीतल्या चाचण्या, एवढाच अवकाश. पहिल्या शर्यतीच्या आधी इंजिनाची रचना नक्की करायची, त्यावर सील लागतं आणि मग हंगाम संपेपर्यंत आत हात घालता येत नाही. मागे पडलेल्या कारखान्यांना यातून सवलत मिळते, पण जिंकणाऱ्यांना नाही. म्हणजे थंडीतल्या त्या मोजक्या दिवसांत गॅरेजमध्ये ज्याचं म्हणणं ऐकलं जातं, त्याचं इंजिन वर्षभर दोघांनाही चालवावं लागतं.

माझ्या लेखी इंजिन निवडीची सगळ्यात सुंदर गोष्ट जानेवारी २००४ मधली आहे, मलेशियातल्या सेपांगच्या ट्रॅकवरची. यामाहाला १९९२ च्या वेन रेनीनंतर मोठ्या गटाचं विजेतेपद मिळालेलं नव्हतं. २००३ मध्ये तर अख्ख्या हंगामात एकदाच त्यांचा रायडर पहिल्या तिघांत आला होता. आणि अशा कारखान्यात, होंडावर सलग तीन विजेतेपदं मिळवून, व्हॅलेंतिनो रॉसी आला. होंडाशी त्याचा करार वर्ष संपेपर्यंतचा होता, त्यामुळे नवी गाडी त्याने पहिल्यांदा हातात घेतली ती थेट जानेवारीत.

यामाहाच्या रेसिंगची सूत्रं तेव्हा मासाओ फुरुसावा यांच्याकडे होती. फुरुसावांची विद्या कंपनांची. त्यांनी रॉसीपुढे एक इंजिन ठेवलं नाही, चार ठेवली. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं आणि चार व्हॉल्व्ह असलेलं, आणि या दोन्हींत क्रँक नेहमीचा आणि क्रँक नव्वद अंशांनी फिरवलेला. नेहमीच्या क्रँकमध्ये चारही पिस्टन एकाच वेळी टोकाला जाऊन थांबतात आणि एकाच वेळी पुन्हा धावतात. त्या थांबण्या-धावण्यामुळे क्रँकची गती सतत कमीजास्त होत राहते आणि इंजिनात एक गोंगाट तयार होतो. कानाला ऐकू येणारा नव्हे, उजव्या हाताला जाणवणारा. रायडरने रेस किती पिळली आणि मागच्या टायरपर्यंत किती पोचली, यांच्यामध्ये तो गोंगाट उभा राहतो. नव्वद अंशांच्या क्रँकमध्ये काही पिस्टन थांबतात तेव्हा बाकीचे भरधाव असतात, त्यांचं एकमेकांत मिटतं, आणि हाताला जाणवते ती फक्त पेट्रोल पेटल्याची खरी ताकद. रॉसीने चारही चालवली आणि चार व्हॉल्व्हचं, नव्वद अंशांचं इंजिन उचललं. तेच त्याला गोड वाटलं.

१८ एप्रिल २००४ ला दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला, यामाहावरच्या त्याच्या पहिल्याच शर्यतीत, होंडावरच्या मॅक्स बियाजीला पाव सेकंदापेक्षाही कमी अंतराने मागे ठेवून रॉसी जिंकला. मग त्याने गाडी ट्रॅकच्या कडेला उभी केली, तिचं चुंबन घेतलं आणि कुंपणापाशी जाऊन बसून राहिला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याचं, पुढच्या वर्षीचंही.

ही गोष्ट नेहमी रॉसीच्या प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात फुरुसावा जास्त मोठे दिसतात. एवढा मोठा रायडर दारात आलेला असताना त्याला चार वेगवेगळे पर्याय देणं म्हणजे आपल्याला उत्तर माहीत नाही हे मान्य करणं. कारखान्यातल्या किती साहेबांना ते जमतं? आणि जे निवडलं गेलं ते एका माणसाच्या लकबीला चिकटलेलं नव्हतं. गोंगाट कमी झाला तो प्रत्येकाच्याच हातासाठी. पुढे होर्हे लोरेन्झोने याच घराण्याच्या इंजिनावर तीन विजेतेपदं घेतली, २०२१ मध्ये फाबिओ क्वार्तारारोने एक. रॉसी आणि लोरेन्झो यांच्या गाडी चालवण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००९ पासून हाच क्रँक यामाहाच्या रस्त्यावरच्या आरवन मोटारसायकलमध्येही आला.

रॉसीच्या गॅरेजचा प्रमुख होता जेरेमी बर्जेस, होंडा सोडून त्याच्याबरोबर आलेला. त्याआधी तो मिक डूहानचा प्रमुख होता. पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांचा तो काळ. १९९२ मध्ये होंडाने चारही सिलिंडर जवळजवळ एकत्र पेटवणारं 'बिग बँग' इंजिन आणलं, टायरला धरून राहणारं, आणि मग सगळ्यांनाच ते हवंसं झालं. डूहानने १९९७ साली उलटी वाट धरली. जुनं, समान अंतराने पेटणारं, किंचाळणारं 'स्क्रीमर' त्याने परत मागून घेतलं. त्या हंगामातल्या १५ पैकी १२ शर्यती तो जिंकला. उरलेल्या तीनही होंडाच्याच, दोन अॅलेक्स क्रिव्हियेच्या आणि एक तादायुकी ओकादाची. हे दोघे मात्र बिग बँगवरच राहिले होते. या प्रकरणात कुणावर अन्याय झाला असं मला वाटत नाही. डूहान पुढारी होता, त्याला त्याचं इंजिन मिळालं; बाकीच्यांना त्यांचं राहू दिलं. पुढाऱ्याला मान देणं एवढ्यावरच थांबलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

मी भोसरीत शॉप फ्लोअरवर काम केलंय. तिथे एक सेटर होता, त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. नवा जॉब आला की साहेब त्यालाच बोलवायचे. फिक्श्चर त्याच्या सोयीने बसायचं, फीड त्याच्या अंदाजाने ठरायचा, आणि पहिल्या शिफ्टला एकही पीस वाया जायचा नाही. दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर रिजेक्शनचा ढीग. मग दुसऱ्या शिफ्टच्या पोरांना बोलणी. ती पोरं सांगायची की क्लॅम्प एवढ्या जोराने दाबल्याशिवाय जॉब हलतो, हे कुठेच लिहिलेलं नाही. कुणी ऐकायचं नाही, कारण सकाळी तर सगळं ठीक चाललेलं असायचं. मशीनचा दोष तो कुशल हात रोज भरून काढत होता आणि म्हणून तो दोष कुणालाच दिसत नव्हता. मोटोजीपी बघताना हे मला फार वेळा आठवतं.

सुझुकीचं २०१७ हे अगदी तसंच. २०१६ मध्ये मॅव्हेरिक विन्यालेसने सिल्व्हरस्टोनला त्यांच्यासाठी शर्यत जिंकली होती, गाडी वर येत होती. मग दोन्ही रायडर एकदम गेले. त्यांच्या जागी डुकाटीवरून आंद्रेआ यानोने आला आणि मोटो-टू या खालच्या गटातून अॅलेक्स रिन्स. नोव्हेंबरच्या पहिल्याच चाचणीत रिन्स पडला आणि त्याच्या पाठीच्या मणक्यांना मार लागला. इंजिनाचा कौल उरला एकट्या यानोनेकडे, आणि त्यालाही सुझुकी नवी होती, जुनी कशी चालायची हे अंगात भिनलेलं नव्हतं. क्रँकच्या जडत्वाचं गणित चुकलं. सील लागलं. अख्खा हंगाम दोघं त्या गाडीशी झगडत राहिले, पहिल्या तिघांत एकदाही कुणी आलं नाही. संघप्रमुख डाविदे ब्रिव्हिओ यांनी इंजिन चुकलं हे पुढे मोकळेपणाने मान्य केलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

याच सुझुकीने तीन वर्षांनी, २०२० मध्ये, जोआन मिरला विजेता केलं. त्या वर्षी मिरने एकच शर्यत जिंकली, रिन्सनेही एकच, आणि रिन्स एकूण गुणांत तिसरा आला. त्या सालच्या सुझुकीची गंमत हीच की तिच्यावर कुणालाही बसवा, गाडी चालायची. २०२२ च्या शेवटी सुझुकीने खेळ सोडला तेव्हा, शेवटची शर्यत रिन्सने जिंकलेली असूनही, मला मनापासून वाईट वाटलं होतं.

आता निकी हेडन.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरोचा हा पोरगा, ६९ नंबरचा. मातीच्या ट्रॅकवर वाढलेला, घरातले सगळेच गाड्या पळवणारे. २००३ मध्ये तो होंडाच्या मुख्य संघात आला आणि २००६ मध्ये, रॉसी यामाहावर सलग दोनदा जिंकलेला असताना, गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे होता. पण होंडाचं मन दुसरीकडे होतं. त्याच वर्षी स्पेनचा दानी पेद्रोसा संघात आला, १२५ आणि २५० सीसीच्या गटांत मिळून तीन विजेतेपदं घेऊन, आणि भविष्य म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. २००७ पासून इंजिनं ९९० ऐवजी ८०० सीसीची होणार होती. त्यासाठीच्या गोष्टी तपासायला होंडाने जी वेगळी गाडी बनवली होती ती निकीकडे होती. बाकीच्या होंडा रायडरांच्या गाड्या तशा नव्हत्या. शर्यत सुटताना क्लच धड साथ देत नसे, आणि जगज्जेतेपदाच्या चढाओढीत पुढे असलेला माणूस दिवे विझताच चार-पाच जणांच्या मागे पडायचा. विचार करा, संघाचा जो रायडर विजेतेपदासाठी लढतोय त्याच्याच गाडीवर पुढच्या वर्षीचे प्रयोग. तो कुरकुरला नाही. निकी कधीच कुरकुरत नसे आणि माझ्या मते त्याचा तोटा त्याला झाला.

१५ ऑक्टोबर २००६, पोर्तुगालमधलं एस्तोरिल. निकी रॉसीच्या १२ गुणांनी पुढे. शर्यती उरल्या दोन. पाचव्या लॅपला दानीने आतून घुसायचा प्रयत्न केला, पुढचं चाक सुटलं आणि तो निकीला घेऊन खडीत गेला. एकाच संघाचे दोघं. निकी उठून हात झटकत ओरडत होता, हेल्मेटमधून आवाज आपल्यापर्यंत येत नव्हता पण यायची गरजही नव्हती. दानीने नंतर माफी मागितली. प्रश्न दानीच्या चुकीचा नव्हता, तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, असं होतं. प्रश्न असा की संघातल्या कुणालाही त्याला आधी सांगावंसं का वाटलं नाही, की बाबा, आज याच्या आसपास फिरकू नकोस. संघाने खरंच एकाला पुढारी मानलं असतं तर ते सांगितलं असतं. पुढाऱ्याला झुकतं माप द्यायला माझा विरोध नाही असं जे मी वर म्हटलं ते यासाठीच. त्या वर्षी होंडाने गुणतक्त्यातल्या पुढाऱ्यालाही पुढारी मानलं नाही.

त्याच शर्यतीत तोनी एलियासने रॉसीला ०.००२ सेकंदाने हरवलं. रॉसीचे पाच गुण गेले. तरीही तो आता आठ गुणांनी पुढे होता.

व्हॅलेन्सियाची शेवटची शर्यत दिवाळीनंतरच्या रविवारी होती. घरात फराळाचे डबे अजून उघडे होते आणि मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. रॉसी सगळ्यांत पुढून सुरुवात करून मागे पडला आणि मग पाचव्या लॅपला घसरला. उठून शेवटपर्यंत चालवत राहिला, तेरावा आला. निकी तिसरा. दानीने या वेळी निकीला वाट दिली. २५२ विरुद्ध २४७, पाच गुणांनी निकी हेडन विजेता. म्हणजे एस्तोरिलला एलियास त्या दोन सहस्रांश सेकंदांनी मागे राहिला असता, तर गुण सारखे होऊन जास्त शर्यती जिंकल्यामुळे मुकुट रॉसीकडे गेला असता. निकी हेल्मेटच्या आत रडत होता. मी रॉसीचा चाहता होतो आणि त्या दिवशी मला निकीसाठी अतोनात आनंद झाला.

आणि मग २००७ आलं. जी गाडी घडवायला निकीने विजेतेपद पणाला लावलं होतं ती आठशे सीसीची होंडा समोर आली तेव्हा ती इवलीशी होती. दानी जेमतेम १६० सेंटिमीटर उंचीचा, वजन पन्नास किलोच्या घरात. निकी त्यापेक्षा चांगला उंच आणि थोराड. अंगावर एक नंबर लावलेला विजेता त्या गाडीवर गुडघे कुठे ठेवू आणि कोपरं कुठे ठेवू अशा अवस्थेत. दानी त्या वर्षी गुणतक्त्यात दुसरा आला, निकी आठवा, आणि त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. २००८ मध्ये होंडाने स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हचं इंजिन आणलं. कच्चं असताना शर्यतीत ते दोघांपैकी कुणी आधी चालवायचं? निकीने. दानी तेव्हा स्प्रिंगच्या भरवशाच्या इंजिनावरच राहिला. असेनला निकी तिसरा येत होता आणि शेवटच्या वळणांपाशी पेट्रोल संपलं. रेषेवर कॉलिन एडवर्ड्सने त्याला गाठलं, तो चौथा. हंगामाच्या उत्तरार्धात दानीला मिशेलिनऐवजी ब्रिजस्टोनचे टायर मिळाले, निकी मिशेलिनवरच. वर्षअखेरीस निकी होंडा सोडून डुकाटीला गेला.

मी हे सगळं एवढं सविस्तर लिहितोय कारण निकीचं नाव आता फारसं निघत नाही. २०१७ च्या मे महिन्यात इटलीत रिमिनीजवळ सायकल चालवत असताना एका मोटारीने त्याला धडक दिली आणि पाच दिवसांनी तो गेला. वय ३५. ६९ नंबर आता मोटोजीपीत कुणालाही दिला जात नाही. विजेत्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे एकच साल आहे आणि 'नशिबाने जिंकला' असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना मी क्लचबद्दल सांगतो.

दानीला दुष्ट ठरवून मोकळं होता येत नाही, कारण ती दुसरी गाडी त्याच्याही वाट्याला आली. २०१३ मध्ये मार्क मार्केझ होंडात आला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. मार्कला गाडी पुढच्या चाकावर, ब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवत, कोपर जमिनीला घासत वळणात कोंबायची सवय. पुढचं चाक सुटलं तर तो ते कोपराने आणि गुडघ्याने सावरतो, हे मी डोळ्यांनी बघूनही मला नीटसं पटत नाही. होंडाची गाडी वर्षागणिक या एका माणसाच्या अंगाने घडत गेली, आणि दानीसारख्या हलक्या माणसाला त्या पुढच्या टायरमध्ये उष्णता भरणंच जड जाऊ लागलं. मोठ्या गटात ३१ शर्यती जिंकून, पण तिथलं विजेतेपद एकदाही न मिळवता, २०१८ नंतर त्याने खेळ सोडला.

२०१९ चे आकडे मी अनेकांना तोंडपाठ म्हणून दाखवले आहेत. होंडाला कारखाना म्हणून ४२६ गुण मिळाले. त्यातले ४२० एकट्या मार्कचे. उरलेले सहा कुठून आले? ऑस्टिनला मार्क पडला, ती एकच शर्यत तो पूर्ण करू शकला नाही, आणि तिथे होंडावरचाच ताकाकी नाकागामी दहावा आला. बाकी प्रत्येक शर्यतीत मार्क पहिला किंवा दुसरा. त्याच्या शेजारच्या गाडीवर होता होर्हे लोरेन्झो, पाच वेळचा जगज्जेता. त्याचे वर्षाचे गुण २८. तो पडला, मणके मोडून घेतले, परत आला आणि वर्षअखेरीस निवृत्त झाला. पाच वेळचा विजेता ज्या गाडीला घाबरतो ती गाडी चांगली आहे का? होंडाच्या कपाटात रायडर, संघ आणि कारखाना असे तीन-तीन मुकुट होते, त्यामुळे तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शन.

१९ जुलै २०२० ला हेरेझला मार्क पडला आणि उजवा दंड मोडला. आठवड्याच्या आत तो पुन्हा गाडीवर बसला, हाडातली पट्टी पुढे तुटली, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. होंडाने २०२० मध्ये एकही शर्यत जिंकली नाही. २०२२ मध्ये कारखान्यांच्या तक्त्यात होंडा सगळ्यांत खाली होती. मार्क परतला, अधूनमधून जिंकलाही, पण त्याचा हात आता पूर्वीसारखा दोष झाकू शकत नव्हता, आणि झाकण निघाल्यावर खाली काय आहे ते दिसलं. २०२३ च्या शेवटी तोही गेला. दानीचं, लोरेन्झोचं म्हणणं होंडाच्या अभियंत्यांनी वहीत लिहून घेतलं असणारच, तेवढी शिस्त त्या लोकांत आहे. त्या नोंदींवरून इंजिन मात्र बनलं नाही.

दानीचं पुढे फार चांगलं झालं, आणि त्यात पुण्याचा एक धागा आहे. खेळ सोडल्यावर तो केटीएमचा चाचणी रायडर झाला. ऑस्ट्रियाच्या या कंपनीत आपल्या बजाजची भागीदारी २००७ पासूनची, छोट्या ड्यूक चाकणला बनतात, आणि २०२५ मध्ये तर केटीएम बुडता बुडता बजाजनेच हाती घेतली. केटीएमची पहिली मोटोजीपी जीत ऑगस्ट २०२० मधली, ब्रनोला, ब्रॅड बाइंडरची. तो तेव्हा नवखा होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षं दुसऱ्यासाठी बनलेली गाडी सोसली, त्याने घडवायला मदत केलेल्या गाडीवर नवखा पोरगा जिंकला. २०२३ मध्ये मिसानोला दानी पाहुणा म्हणून उतरला आणि निवृत्तीला पाच वर्षं होऊनही मुख्य शर्यतीत चौथा आला. त्या दिवशी मला निकीची आठवण झाली. निकीला अशी संधी मिळायला हवी होती.

डुकाटीने गेल्या काही वर्षांत जे केलं ते या सगळ्याच्या नेमकं उलट होतं, म्हणूनच ते जिंकत राहिले असं मला वाटतं. २०२२ ते २०२४ त्यांच्या आठ गाड्या ट्रॅकवर होत्या, चार संघांत, आणि प्रत्येकाची माहिती सगळ्यांसाठी उघडी. डुकाटीच्या रेसिंगची तांत्रिक सूत्रं सांभाळणाऱ्या जिजी दाल'इन्या यांच्यापुढे आठ जणांचे हात होते. २०२४ चं विजेतेपद तर होर्हे मार्तिनने मुख्य संघाबाहेरच्या गाडीवर घेतलं. मुख्य संघात होता फ्रान्चेस्को बन्याया, पेको, २०२२ आणि २०२३ चा विजेता. पेको आपल्याला थोडा जवळचा. जून २०१६ मध्ये असेनला त्याने आयुष्यातली पहिली ग्रां प्री जिंकली ती महिंद्राच्या मोटो-थ्री या लहान गटातल्या गाडीवर, आणि मुंबईच्या महिंद्राचीही ती पहिलीच. सरळ रस्त्यावर ती गाडी कमी पडायची, पेको वळणात कमवायचा.

२०२५ साठी डुकाटीने मार्तिनला न घेता मार्कला पेकोशेजारी आणून बसवलं. त्या हिवाळ्यातली इंजिनाची निवड एका वर्षाची नव्हती, २०२५ चं इंजिन २०२६ लाही तेच ठेवायचा नियम होता. नवं इंजिन चालवून बघून अखेर २०२४ चंच पुढे न्यायचं ठरलं, आणि त्यात दोन्ही रायडरांचं मत सारखंच होतं. त्यामुळे पेकोला डावललं असं मी म्हणणार नाही. पण मार्क पहिल्या शर्यतीपासून जिंकत सुटला आणि पेको म्हणत राहिला की पुढच्या चाकाचा अंदाज येत नाही. दोन वेळचा विजेता महिनोन्महिने एकच वाक्य बोलतोय आणि शेजारी तीच गाडी जिंकतेय. हे चित्र मी २०१९ मध्ये बघितलं होतं.

२८ सप्टेंबर २०२५ ला जपानच्या मोतेगीला पेकोला गाडीचं काहीतरी बसलं. शनिवारची छोटी शर्यत त्याची, रविवारची मोठीही त्याची, शेवटच्या लॅपांत गाडीतून धूर निघत असताना. मार्क दुसरा आला आणि त्याच क्षणी मोठ्या गटाचं सातवं विजेतेपद त्याचं झालं. साहजिकच सगळे कॅमेरे त्याच्याकडे. पुढच्या आठवड्यात इंडोनेशियात तोच पेको रांगेच्या शेवटी होता. आठ दिवसांत माणूस गाडी चालवायला विसरत नाही. डुकाटीसाठी त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा धडा या दोन रविवारांमध्ये होता, मार्कच्या जिंकण्यात नव्हे, आणि तो त्यांनी सुट्या भागांपर्यंत उकलून बघितला असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कारण २०२७ मध्ये सगळंच बदलतंय. इंजिनं ८५० सीसीची होणार, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे, गाडीची उंची खालीवर करणारी यंत्रं बंद. २००७ सारखीच पाटी कोरी. तेव्हा होंडाने नवी गाडी एका माणसाच्या मापाने शिवली होती. या वेळी चाचण्यांच्या बातम्या येतील तेव्हा कोणाचा लॅप किती वेगवान हे मी नंतर बघीन. आधी हे बघीन की नव्या इंजिनावर दुसऱ्या गाडीवरच्या माणसाला किती लॅप दिल्या आणि तो गॅरेजमध्ये परतल्यावर त्याच्याभोवती किती माणसं उभी राहिली.